कर्जखत ते लोन अ‍ॅप : आपल्या अब्रूची वही कुणाच्या हातात?

‘प्रायव्हसी’ हा शब्द काढला की आपल्याच शिबिरात पोरं हसतात. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं झोपतात, नळाला पाणी आलं की सगळी वस्ती एका जागी येते, कुणाच्या घरात काय शिजलं हे तीन घरं सोडून कळतं. अशा माणसांनी खासगीपणाच्या हक्कावर बोलायचं म्हणजे उपाशी माणसाने डाएटवर बोलण्यासारखं, असा एकूण सूर असतो. शिष्यवृत्ती, आरक्षण, अ‍ॅट्रॉसिटी, भूमिहीनांचा प्रश्न एवढं सगळं समोर असताना फ्लॅटवाल्यांचं दुखणं आपण कशाला अंगावर घ्यायचं?

गंमत अशी, की हाच युक्तिवाद केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात केला होता. आधारच्या खटल्यात सरकारी बाजूचं म्हणणं होतं की खासगीपणा ही वरच्या थरातल्या लोकांची चैन आहे. गरिबाला योजनेचा लाभ हवा असतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा एकमताने निकाल दिला. गरिबाला पोटापुरतं मिळालं की बस्स, नागरी हक्कांशी त्याला काय करायचंय, या बोलण्याच्या आडूनच इतिहासात माणसांवर भयंकर अत्याचार झाले, असं त्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. आधारचं पहिलं वाटप नरिमन पॉइंटला झालं नाही. ते झालं नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. नवं यंत्र आधी कुणाच्या बोटांवर चालवून बघतात, हे यावरून समजून घ्या.

आपल्यासाठी खासगीपणाचा प्रश्न खोलीच्या दाराला कडी आहे की नाही, एवढाच नाही. आपल्याविषयी लिहिलेला कागद कुणाच्या ताब्यात आहे, तो कुणाकुणाला दाखवला जातो आणि त्याच्या जोरावर आपल्याला कसं वाकवलं जातं, हा खरा प्रश्न आहे. आपल्या भागात असा सगळ्यात जुना कागद म्हणजे कर्जाचा कागद. त्याचा इतिहास सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला तरी माहीत असायला हवा, कारण तो आपल्याच जिल्ह्याच्या नावाने कायद्यात लिहिलेला आहे.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यातलं सुपे गाव. बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेला. तिथून हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरलं. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही, कारण दंग्यात माणूस हाताला लागेल ते फोडतो. या लोकांना नेमकं काय हवं होतं? कर्जखतं, रोखे, वह्या. सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले की बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. कागदांची होळी झाली आणि लोक घरी गेले. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांना आपली बेडी कशाची आहे हे नेमकं कळलं होतं.

ही बेडी घडली कशी, तेही बघितलं पाहिजे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव पडले, त्यात सरकारने शेतसारा वाढवला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. त्याआधी १८५९ साली मुदतीचा कायदा आला होता. कर्जखताची मुदत तीन वर्षांची केली, म्हणजे व्याज फार चढणार नाही, असा सरकारचा हिशेब. सावकाराने त्यातून वाट काढली. दर तीन वर्षांनी मुद्दल आणि थकलेलं व्याज एकत्र करून नवं खत लिहून घ्यायचं. जुनं खत कुठे गेलं, किती फेडलं, पावती कुठे आहे, यातलं काहीच कुळाच्या हातात नाही. लिहिणारा तो, वाचणारा तो, जपून ठेवणारा तो आणि कोर्टात दाखवणारा पण तोच. आपल्या वाट्याला फक्त अंगठा.

जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, १८८३ साली, लिहिता-वाचता न येणारा कष्टकरी कागदाच्या जाळ्यात कसा अडकतो, हे सांगून ठेवलं. अविद्येने किती अनर्थ केले, याची आपण भाषणात उजळणी करतो. पण त्यातला एक अनर्थ अगदी व्यवहारी होता. दुसऱ्याने आपल्याविषयी काय लिहून ठेवलंय हे माहीतच नसणं. आजच्या भाषेत आपण ज्याला ‘डेटा’ म्हणतो, तो जोतीरावांच्या काळात सावकाराच्या बाडात होता.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. तो चार जिल्ह्यांना लागू झाला : पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर. म्हणजे बार्शी तालुका आला, आमचं वैराग आलं. त्या कायद्यात कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. खतावर आकडा काहीही असो, न्यायाधीशाने मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता ते तपासायचं, असं ठरलं. शेतकऱ्याने करून द्यायचे दस्त गावनोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहायचे. पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं. पण मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात त्या याच कायद्यातल्या तीन साध्या गोष्टी. पैसे भरले की लेखी पावती. वर्षाला खात्याचा लेखी हिशेब. आणि मागितलं तर पासबुकात नोंद.

या तीन गोष्टींमुळे कुळाच्या हातात पहिल्यांदा स्वतःविषयीचा कागद आला. ‘माझ्याविषयी तुझ्याकडे काय लिहिलंय ते मला दाखव,’ असं म्हणण्याचा हक्क कायद्याने मान्य केला. आज युरोपातले डेटा कायदे मोठ्या अभिमानाने हेच सांगतात. आपल्याकडे ते एकोणिसाव्या शतकातच आलं, आणि कुणाच्या उदारपणामुळे आलं नाही. सुप्याला कागद पेटले म्हणून आलं.

तरी या कायद्याची मर्यादा सांगायलाच पाहिजे, कारण आजची सगळी अडचण तिथून सुरू होते. कायद्याने कुळाला त्याचा हिशेब दिला, पण कुळाचं कर्ज सावकाराने चारचौघांत बोलून दाखवू नये, असं कुठे म्हटलं नाही. तेव्हाच्या गावात ते कुणाला सुचलंही नसेल. गाव म्हणजे सगळ्यांचं सगळं सगळ्यांना माहीत, असं आपण कौतुकाने म्हणतो. पण नीट बघा, ही माहिती एकाच दिशेने वाहते. गावकुसाबाहेरच्या माणसाची जात, त्याचं कर्ज, त्याच्या घरातलं भांडण, त्याची पोरगी कुठे जाते हे सगळं चावडीला माहीत. वाड्याच्या आत काय चाललंय, ते मात्र कुणी विचारायचं नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गोडव्यावर बाबासाहेबांनी जो आसूड ओढला, तो आपण जातीच्या संदर्भात वाचतो. तो खासगीपणाच्या संदर्भातही वाचा. शहरात गेलेला आपला माणूस मोकळा श्वास घेतो, त्याचं निम्मं कारण हेच असतं, की तिथे त्याला ओळखणारं कुणी नसतं.

कर्ज आणि अब्रू यांचं नातं कायद्याला कळायला बराच काळ गेला. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यात एक कलम आलं. कर्जदाराला धमकावणं, त्याच्या मागे मागे फिरणं, त्याच्या घराजवळ किंवा कामाच्या जागेजवळ घुटमळत राहणं हा गुन्हा ठरला. कर्ज वसूल करण्याचा हक्क वेगळा आणि माणसाचा छळ वेगळा, ही रेघ त्यात ओढली गेली. २०१४ साली तो कायदा जाऊन महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा आला. छळाचं कलम त्यातही आहे. विनापरवाना सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे करायची असते, आमच्याकडे त्यासाठी बार्शी गाठावी लागते. हे कार्यालय सावकारीच्या तक्रारीसाठी आहे, हे आपल्या दहा कार्यकर्त्यांतल्या किती जणांना माहीत असेल?

आता बाबासाहेबांकडे येऊ, कारण या विषयात त्यांनी काय केलं ते आपल्या व्यासपीठांवर जवळजवळ येतच नाही.

मार्च १९४७ मध्ये त्यांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने ‘राज्य आणि अल्पसंख्याक’ हे निवेदन तयार केलं. त्यातला राज्य समाजवादाचा भाग आपल्याला पाठ असतो. पण त्याच निवेदनातल्या मूलभूत हक्कांच्या यादीत एक कलम आहे : माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती-जप्ती होणार नाही, आणि सबळ कारणाशिवाय वॉरंट निघणार नाही. घराइतकंच कागदाला संरक्षण. भूमिहीन, बेघर लोकांच्या वतीने लिहिलेल्या निवेदनात कागदपत्रांच्या सुरक्षिततेची मागणी आहे, यावर जरा थांबून विचार करा.

पुढच्या वर्षी, ३ डिसेंबर १९४८ रोजी, जवळजवळ याच शब्दांतली दुरुस्ती संविधान सभेत मांडली गेली. मांडणारे होते काझी सय्यद करीमुद्दीन, आपल्या यवतमाळचे वकील. बाबासाहेबांनी उभं राहून ती स्वीकारायची तयारी दाखवली. त्यांचं म्हणणं असं, की या तरतुदी फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेतच, यात नवं काही नाही. पण उद्याचं एखादं कायदेमंडळ त्या रद्द करू शकतं, आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने त्या इतक्या महत्त्वाच्या आहेत की कायदेमंडळाचा हात पोचणार नाही अशा जागी त्या ठेवाव्यात. मसुदा समितीचा अध्यक्ष हो म्हणत होता. तरीही मतदानाच्या वेळी गोंधळ झाला, मतदान लांबणीवर पडलं आणि शेवटी ती दुरुस्ती नामंजूर झाली. बाबासाहेबांना जे १९४८ मध्ये हवं होतं, त्याच्या जवळ जायला देशाला २०१७ उजाडावं लागलं. खासगीपणा हा परदेशी, शहरी, उच्चभ्रू विषय आहे असं पुन्हा कुणी म्हणालं, तर त्याला ही तारीख सांगा.

त्या काळात झडतीची दहशत कुणाला होती? आपल्या सोलापुरातच तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मापासून गुन्हेगार ठरवलेल्या माणसांची नोंद, बोटांचे ठसे, रोजची हजेरी तिथे चालायची. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. नोंदवही माणसाचं काय करते, हे भटक्या-विमुक्त भावांना विचारावं, आपण त्यांना समजावून सांगायची गरज नाही.

आता आजच्या वैरागमध्ये या. ज्याच्याकडे सात-बारा आहे त्याला सोसायटीचं कर्ज मिळतं, कधी कर्जमाफीही मिळते. आमच्या वस्तीत सात-बारा नाही. तिथे येतो तो ग्रुप लोनवाला. दहा-पंधरा बायांचा गट, एकमेकींची जामीनकी, आठवड्याला किंवा पंधरवड्याला हप्ता. तारण काही नाही, असं कागदावर म्हणतात. तारण असतं, फक्त ते दिसत नाही. हप्त्याच्या दिवशी सगळ्या जणी एका ओट्यावर बसतात, नावं पुकारली जातात, आणि जिचे पैसे कमी पडले ती उभी राहते. बाकीच्यांना घरी जाऊ देत नाहीत. मग मायक्रोफायनान्सच्या पोराला ओरडायची गरजच उरत नाही; शेजारीणच ओरडते. गेल्या पावसाळ्यात एका कंपनीचा माणूस रात्री आठला एका ताईच्या दारात बसून राहिला, तेव्हा मी तिथे होतो. तो शिवी देत नव्हता, मोठ्याने बोलतही नव्हता. फक्त बसला होता. येणारा-जाणारा बघत होता, आणि तेवढ्यासाठीच तो बसला होता. घराजवळ घुटमळणं हा छळ आहे असं १९४६ च्या कायद्याला कळत होतं. पण ही कंपनी सावकारी कायद्याखाली येत नाही. ते कसं, ते पुढे सांगतो.

पोरांचं वेगळं आहे. त्यांना ओट्यावर बसावं लागत नाही, मोबाइलवर पाच मिनिटांत पाच हजार मिळतात. अ‍ॅप उघडताना ‘अलाऊ’ दाबलं की फोनमधले सगळे नंबर, फोटो, मेसेज पलीकडे जातात. हप्ता चुकला की मामाला फोन, मालकाला फोन, होणाऱ्या सासऱ्याला फोन. काही टोळ्यांनी तर फोटो जोडून नग्न चित्रं बनवून नातेवाइकांना पाठवली. हा सुप्याच्या सावकाराचाच धंदा आहे. त्याच्याकडे फक्त कर्जखत होतं, याच्याकडे आपलं सगळं गणगोत आहे.

रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जाच्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं, की कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधली संपर्कयादी, फाइली, कॉल लॉग यांना हात लावायचा नाही. गूगलने २०२३ मध्ये आपल्या दुकानातल्या कर्जाच्या अ‍ॅपना फोटो आणि नंबर बघायला बंदी केली. वसुलीच्या फोनच्या वेळाही रिझर्व्ह बँकेने ठरवून दिल्या आहेत. मायक्रोफायनान्सवाल्याने संध्याकाळी सहानंतर दारात यायचं नाही. म्हणजे आमच्या ताईच्या दारात आठला बसलेला माणूस नियम मोडूनच बसला होता. नियम आहेत. पण नियम मोडल्याची तक्रार रिझर्व्ह बँकेकडे ऑनलाइन, आणि ती करायची कुणी? जिचा फोनच वसुलीवाल्याच्या भीतीने बंद आहे तिने?

आता बडे थकबाकीदार बघा. त्यांची नावं द्या, असं माहिती अधिकारात विचारलं तर बँका आणि रिझर्व्ह बँक वर्षानुवर्षं गोपनीयतेचं कारण पुढे करत होत्या. ग्राहकाचा विश्वास, बँकेची गुप्तता, देशाचं आर्थिक हित. १६ डिसेंबर २०१५ रोजी जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला, तरी नावं बाहेर काढायला पुढेही झगडावंच लागलं. याउलट छोट्या कर्जदाराचं नाव फलकावर लावायला कुणाला संकोच वाटत नाही. दारात हलगी वाजवून वसुली केल्याच्या बातम्या तर आपण ‘अनोखी शक्कल’ म्हणून वाचतो. केरळात एका सहकारी संस्थेने थकबाकीदारांच्या फोटोंचे फ्लेक्स लावायची परवानगी मागितली, तेव्हा तिथल्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये स्पष्ट नकार दिला. प्रतिष्ठा आणि खासगीपणा हे कर्जदारालाही असतात, असं सांगितलं. आपल्याकडे २०१७ च्या कर्जमाफीत सरकारनेच अर्जदारांच्या याद्यांचं चावडीवाचन करायला लावलं होतं. हेतू बोगस नावं उघडी पाडण्याचा होता, हे मान्य. सामाजिक लेखापरीक्षणाचा मीही समर्थक आहे. पण सरकारी पैसा कुणाला मिळाला हे सांगणं एक, आणि कोण किती कर्जात बुडालाय हे चावडीवर वाचून दाखवणं दुसरं. बाकी कशासाठी नाही, तरी चावडी हा शब्द आपल्या कानाला कसा लागतो, यासाठी तरी त्यांनी दुसरी जागा निवडायची होती.

मग २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे ना? आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायच्या आहेत. पण कायदा उघडून कलम १७ वाचा. वित्तीय संस्थेचं कर्ज ज्याने थकवलं, त्याची आर्थिक माहिती, मालमत्ता आणि देणी शोधून काढण्यासाठी डेटा वापरला, तर त्या वापराला कायद्यातली बरीचशी बंधनं लागू नाहीत. संमती, माहिती मागण्याचा हक्क, चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क, हे सगळं तिथे बाजूला पडतं. १८७९ मध्ये सोलापूरच्या थकबाकीदार कुळाला जो हिशेब मागता येत होता, त्याच्याही मागे आपण निघालो आहोत की काय? शिवाय दंड २५० कोटींपर्यंत, पण तो सरकारच्या तिजोरीत. ज्याची अब्रू गेली त्याला भरपाई नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाईचं कलम ४३-अ काढून टाकण्याची तरतूद तर याच कायद्यात आहे. आणि जाता जाता माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्ये बदल करून ठेवला, म्हणजे शिष्यवृत्ती कुणी खाल्ली, रमाई घरकुलाचे हप्ते कुणाच्या नावावर निघाले, हे विचारलं की ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून दार लावायची सोय झाली. दुबळ्याचा कागद उघडा आणि बलवानाचा झाकलेला, ही जुनीच रीत आहे. खासगीपणाचा झेंडा आपण हातात घेतला नाही, म्हणून तो असा उलटा फडकतो आहे.

केंद्राकडून फार आशा नाही, तर राज्य काय करू शकतं? इथे कायद्याची थोडी खटपट समजून घ्यावी लागेल. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत सावकारी आणि शेतकऱ्यांचं कर्जनिवारण हे विषय राज्यसूचीत आहेत, बँकिंग केंद्रसूचीत. १० मे २०२२ रोजी नेदुमपिल्ली फायनान्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालच्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. म्हणून आमच्या ताईच्या दारात बसणारा सुटला. आंध्र प्रदेशने ऑक्टोबर २०१० मध्ये मायक्रोफायनान्सच्या जाचाविरुद्ध अध्यादेश काढून पुढे कायदा केला होता. २०२३ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने तोही या कंपन्यांपुरता लागू नसल्याचं सांगितलं. म्हणजे ‘सावकारी’ या दारातून राज्याला आत जाता येत नाही.

पण दुसरं दार आहे. कर्नाटकने फेब्रुवारी २०२५ मध्ये छोट्या कर्जांच्या वसुलीतल्या जबरदस्तीविरुद्ध अध्यादेश काढला. त्यात भर आहे तो जबरदस्तीच्या कृतीवर. कर्जाचा धंदा केंद्राचा असेल, पण सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस राज्यसूचीत आहेत, फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. आणि महाराष्ट्राने या वाटेने एकदा जाऊन दाखवलेलं आहे. १९९९ साली ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, तो इथे झाला. वित्त कंपन्या हा केंद्राचा विषय आहे म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्दही केला होता. पण सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तमिळनाडूच्या तसल्याच कायद्याच्या प्रकरणात, आणि २०२२ मध्ये थेट महाराष्ट्राच्या कायद्याबाबत, राज्याला असा कायदा करता येतो हे मान्य केलं. ठेवीदार बुडतो तेव्हा राज्याला वाट सापडते. कर्जदाराची अब्रू बुडते तेव्हा मात्र ‘हा रिझर्व्ह बँकेचा विषय आहे’ असं उत्तर मिळतं. ठेवीदार कोणत्या थरातला आणि ग्रुप लोनवाली कोणत्या वस्तीतली, हे मी सांगायला नको.

मला हवा असलेला राज्य कायदा फार मोठा नाही. कर्ज कुणाचंही असो, बँकेचं, कंपनीचं, अ‍ॅपचं की पतसंस्थेचं, कर्जदार आणि जामीनदार सोडून तिसऱ्या माणसाला कर्जाची माहिती देणं हा छळ मानावा. गटाच्या बैठकीत थकबाकीदाराचं नाव पुकारणं, तिच्यासाठी बाकीच्यांना अडवून ठेवणं, दारात बसणं, फलक लावणं यात यावं. कर्जदाराला मराठीत हिशेब मिळावा. १८७९ ला मिळत होता, आता का नको? आणि तक्रार घेणारा अधिकारी तालुक्याला असावा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला वसुलीच्या वेळी चारचौघांत जातीवरून अपमानित केलं, तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा आजही लागू होतोच. पोलीस ठाण्यात ‘हा पैशाचा वाद आहे’ म्हणून परत पाठवतात तेव्हा तिथून हलायचं नाही.

कायदा होईपर्यंत हातात काय आहे? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. ग्राहक चळवळ महाराष्ट्रात सत्तरच्या दशकापासून आहे, ग्राहक पंचायतीने मोठं काम केलं, पण ती राहिली शहरी मध्यमवर्गाची. आपणही तिच्याकडे ‘वजनमापवाल्यांची’ म्हणून बघितलं. या नव्या कायद्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीत एक ओळ आहे : ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या आधाराशिवाय दुसऱ्याला सांगणं. मामाला केलेला फोन यात बसतो, असं माझं वाचन आहे. पैसे घेऊन सेवा देणारी वित्त कंपनी यातून सुटत नाही. कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असो की बंगळुरूला, तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे सोलापूरला करता येते. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. वकील लागतोच असं नाही. आणि या कायद्यात भरपाई आहे, जी डेटा कायद्यात नाही.

त्यासाठी पुरावा लागतो, आणि आपण तो घाबरून आधीच पुसून टाकतो. धमकीचा मेसेज डिलीट करू नका. कुणाकुणाला फोन गेला, किती वाजता गेला, कोणत्या नंबरवरून गेला, हे वहीत लिहा. ज्याला फोन आला त्याच्याकडून दोन ओळी सहीनिशी घ्या. अ‍ॅप काढण्याआधी त्याच्या परवानग्यांचा स्क्रीनशॉट काढा. खोट्या अ‍ॅपचं प्रकरण असेल तर १९३० वर तक्रार करून तिचा क्रमांक ठेवा. वर्षातून एकदा आपला क्रेडिट रिपोर्ट फुकट मागता येतो, तो मागा. न घेतलेलं कर्ज आपल्या नावावर निघाल्याची प्रकरणं आमच्याकडे आली आहेत. वैरागला आम्ही येत्या रविवारी सकाळी दहाला विहारात बसतोय. पासबुक, कर्जाचं कार्ड आणि मोबाइल घेऊन या. ज्या ताईंना चारचौघांत बोलायचं नसेल त्यांच्यासाठी मागच्या खोलीत वेगळं बसायची सोय केली आहे.